मैदानावरील सेवक : डॉक्टर जेम्स नेस्मिथ ह्यांचे चरित्र

देवाची सेवा म्हणजे व्यासपीठावरून उपदेश करणे, गावोगाव शुभवर्तमान सांगणे आणि रविवारी मंडळीची उपासना चालविणे, एवढेच काय ते, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. ह्या कामांची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु ज्या मनुष्यास देवाने निराळे दान दिले आहे, त्याने ते घेऊन कोठे जावे? आणि ज्या सेवकाच्या श्रमांचे फळ वार्षिक अहवालात आकड्यांनी दाखविता येत नाही, त्याने आपली सेवा व्यर्थ गेली असे समजावे काय? ह्या दोन प्रश्नांवर पुढील चरित्रापासून पुष्कळ बोध होण्यासारखा आहे. बास्केट बॉल नावाचा खेळ आज जगातील बहुतेक देशांत खेळला जातो. तो खेळ काढणारे डॉक्टर जेम्स नेस्मिथ हे प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते, ही गोष्ट तो खेळ खेळणाऱ्यांपैकीही थोड्यांसच ठाऊक असते.

बालपण

जेम्स नेस्मिथ ह्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, आल्मॉन्ट गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडातले, देवभीरू व कष्टाळू होते. बाप लाकूड कापण्याच्या गिरणीवर काम करीत असे. १८७० साली त्या भागात विषमज्वराची साथ आली, आणि थोड्याच दिवसांच्या अंतराने आईबाप दोघेही वारले. त्या वेळी जेम्स अवघा नऊ वर्षांचा होता. पुढे तो व त्याची भावंडे ह्यांचा सांभाळ आजीने व पीटर यंग नावाच्या मामांनी केला.

मामा प्रेमळ, पण करड्या शिस्तीचे होते. एकदा हिवाळ्यात जेम्स घोडे घेऊन गोठलेली नदी ओलांडीत असता बर्फ फुटून घोडे पाण्यात गेले. मुलाने मोठ्या कष्टाने त्यांस ओढून काठावर आणले, आणि मग त्याच्या दृष्टीस पडले की मामा झाडांच्या आडून सर्व पाहत उभे होते. मुलाने आपली जबाबदारी आपणच पार पाडण्यास शिकावे, असा त्यांचा हेतू होता. हा धडा जेम्स जन्मभर विसरला नाही.

गावच्या लोहाराच्या दुकानाजवळ मुले जमून एक खेळ खेळत. तो आपल्याकडील लगोरीच्या जातीचा होता. एका मोठ्या खडकावर एक लहान धोंडा ठेवावयाचा, एका मुलाने त्याची राखण करावयाची, आणि बाकीच्यांनी दुरून धोंडे मारून तो खाली पाडावयाचा. ज्याचा नेम चुके त्याने राखणदाराच्या हाती न सापडता आपला धोंडा परत आणावयाचा. जोराने मारलेला धोंडा चुकला तर फार दूर जाई, आणि मारणारा पकडला जाई. जो मुलगा आपला धोंडा हलक्या हाताने, उंच कमान करून टाकी, त्याचे काम साधे. लोहाराच्या अंगणातील ही गोष्ट पुढे वीस वर्षांनी उपयोगी पडावयाची होती.

पंधरा वर्षांचा असता जेम्सने शाळा सोडली व तो रानात लाकूडतोड्यांबरोबर मजुरी करू लागला. त्या संगतीत दारूची सवय लागण्यास वेळ लागत नाही. असे सांगतात की, एके दिवशी तो दारूच्या दुकानात पेला हाती घेऊन उभा असता शेजारच्या एका मनुष्याने त्यास ओळखले, आणि तुझी आई आज तुला येथे पाहती तर तिला काय वाटते, अशा अर्थाचे शब्द तो बोलला. जेम्सने पेला तसाच खाली ठेवला व पुन्हा कधी दारूस स्पर्श केला नाही. पुढे तो शाळेत परत गेला, आणि आपल्याहून पुष्कळ लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून त्याने राहिलेले शिक्षण पुरे केले. प्रौढपणी शाळेत बसण्याची लाज ज्यांस वाटते, त्यांनी हे ध्यानात धरावे.

पाळकपण की व्यायामशाळा?

१८८३ साली नेस्मिथ मॉन्ट्रियल शहरातील मॅगिल विद्यापीठात दाखल झाले. पाळक व्हावयाचे हा त्यांचा निश्चय होता. अभ्यासाच्या मागे लागून ते शरीराची हेळसांड करितात असे पाहून मित्रांनी त्यांस व्यायामशाळेत नेले. तेथे त्यांची मोठी प्रगती झाली व ते फुटबॉलही उत्तम खेळू लागले. परंतु धर्मशास्त्राच्या पाठशाळेतील पुष्कळ मंडळींस हे रुचले नाही. मैदानावर धांगडधिंगा, शिव्या व मारामाऱ्या चालतात, तेथे भावी पाळकाचे काय काम, असे त्यांचे म्हणणे होते. नेस्मिथ एकदा शनिवारच्या सामन्यात लागलेल्या मारामुळे काळेनिळे झालेले डोळे घेऊन रविवारी उपदेशास उभे राहिले, तेव्हा ऐकणाऱ्यांस काय वाटले असेल ते सांगावयास नको.

तथापि एका सामन्यात घडलेल्या लहानशा गोष्टीने त्यांच्या मनाचा निर्णय झाला. त्यांच्या शेजारी खेळणाऱ्या एका गड्याच्या तोंडून रागाच्या भरात अभद्र शब्द निघाला. लगेच नेस्मिथ जवळ आहेत हे ध्यानात येऊन त्याने त्यांची क्षमा मागितली. नेस्मिथ ह्यांनी त्यास ह्या बाबतीत पूर्वी कधी एक शब्दही बोलून दाखविला नव्हता. ते केवळ त्याच्याबरोबर खेळत होते, घाम गाळीत होते, आणि स्वतः शुद्ध बोलत होते. तेव्हा त्यांच्या मनात आले की, जे तरुण उपासनेस कधी येत नाहीत त्यांच्यामध्ये जाऊन राहण्याचा हा एक मार्ग आहे, आणि कदाचित देव आपणास त्याच मार्गाने बोलावीत असेल.

१८९० साली त्यांचा धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पुरा झाला. आता कोणत्यातरी मंडळीचे पाळकपण मिळावयाचे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. त्याऐवजी ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तरुण ख्रिस्ती मंडळाच्या, म्हणजे ज्यास आपण वाय.एम.सी.ए. म्हणतो त्याच्या, शिक्षणसंस्थेत व्यायामाचे शास्त्र शिकण्यास गेले. त्यांची बहीण ॲनी हिला ह्याचे फार दुःख झाले. भावाने प्रभूच्या नांगराला हात घालून मागे पाहिले, असेच तिने मानले, आणि हा राग तिच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. ज्यांनी देवाच्या हाकेसाठी घरच्या माणसांची नाराजी सोसली आहे, त्यांस ह्या दुःखाची कल्पना येईल.

नवा खेळ

स्प्रिंगफील्ड येथे व्यायामखात्याचे प्रमुख डॉक्टर लूथर गुलिक हे होते. ते मिशनरी घराण्यातले असून त्यांचा जन्म हवाई बेटांवर झाला होता. शरीर, बुद्धी व आत्मा ही तिन्ही देवाची आहेत आणि तिन्हींची वाढ एकत्र झाली पाहिजे, हे त्यांचे आवडते तत्त्व होते. १८९१ च्या हिवाळ्यात त्यांस एक अडचण आली. बाहेर बर्फ पडल्यामुळे मैदानी खेळ बंद झाले, आणि घरात त्याच त्या कवायतीस विद्यार्थी कंटाळून गेले. अठरा जणांचा एक वर्ग तर इतका कुरकुर करू लागला की दोन शिक्षकांनी हात टेकले. गुलिक ह्यांनी तो वर्ग नेस्मिथ ह्यांच्या हवाली केला, आणि घरात खेळता येईल असा नवा खेळ काढण्यास त्यांस चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ ह्यांनी आरंभी मैदानी खेळच घरात आणून पाहिले, पण जागा अपुरी पडे व अंगास दुखापती होत. मुदत संपत आली तेव्हा त्यांनी शांतपणे विचार केला. खेळात धक्काबुक्की का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्यास अडविण्याकरिता. मग चेंडू घेऊन पळावयाचेच नाही, असा नियम केला तर अडविण्याचे कारणच उरणार नाही. गोल होताना चेंडू जोराने का मारितात? गोल जमिनीवर व समोर असतो म्हणून. तो डोक्यावर उंच ठेवला तर नुसत्या जोराचा काही उपयोग होणार नाही, चेंडू हलक्या हाताने वर टाकावा लागेल. येथे त्यांस लोहाराच्या दुकानाजवळील तो जुना खेळ आठवला.

रखवालदाराने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. व्यायामशाळेच्या सज्जास, जमिनीपासून दहा फूट उंचीवर, त्या खिळ्यांनी ठोकल्या. तेरा नियम कागदावर लिहून भिंतीस लाविले, आणि २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ नऊ गड्यांचे दोन पक्ष करून पहिला खेळ झाला. त्या सबंध खेळात चेंडू एकदाच टोपलीत पडला. खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे व मारणे हे सर्व मना होते. ज्या वर्गाने दोन शिक्षकांस थकविले होते, तोच वर्ग आता खेळ थांबवू देईना. खेळास नेस्मिथ ह्यांचेच नाव द्यावे असे एका विद्यार्थ्याने सुचविले, परंतु त्यांनी ते हसण्यावारी नेले, आणि टोपलीवरून बास्केट बॉल हे साधे नाव कायम झाले. ११ मार्च १८९२ रोजी विद्यार्थी व शिक्षक ह्यांचा सामना लोकांसमोर झाला, त्यात शिक्षकांचा पाच विरुद्ध एक असा पराभव झाला.

त्या संस्थेतून शिकून निघालेले तरुण जेथे जेथे सेवेस गेले, तेथे तेथे हा खेळ त्यांच्याबरोबर गेला. १८९४ साली डंकन पॅटन ह्यांनी तो हिंदुस्थानात आणिला. त्याच वर्षी नेस्मिथ ह्यांचा विवाह मॉड शर्मन ह्या बाईंशी झाला. स्त्रियांच्या आरंभीच्या खेळांत ह्या बाई स्वतः खेळल्या होत्या. पुढे नेस्मिथ डेन्व्हर शहरी वाय.एम.सी.ए. मध्ये काम करू लागले, आणि दिवसा काम व उरलेल्या वेळी अभ्यास करून १८९८ साली त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली.

कॅन्ससचा पहिला हंगाम

त्याच साली लॉरेन्स गावातील कॅन्सस विद्यापीठास एक असा मनुष्य पाहिजे होता, जो विद्यार्थ्यांच्या प्रार्थना चालवील व व्यायामही शिकवील. नेस्मिथ ह्यांचे स्प्रिंगफील्डचे सोबती स्टॅग ह्यांनी त्यांची शिफारस केली. वैद्य, धर्मशास्त्र शिकलेले, उत्तम खेळाडू, दारू व तंबाखूस न शिवणारे, आणि ज्यांच्या तोंडी अपशब्द नाही असे, हे गुण त्यांनी कळविले. बास्केट बॉल काढल्याची गोष्टही त्यांनी कळविली. ह्या प्रकारे ज्यांनी मंडळीचे पाळकपण सोडले होते, त्यांच्याकडे तरुणांच्या प्रार्थनेचे काम आपोआप चालत आले.

ते येऊन काही महिने होतात तोच विद्यापीठाचा बास्केट बॉल संघ उभा राहिला. आजूबाजूस असे संघ असलेली कॉलेजे तेव्हा फार थोडी होती, म्हणून विद्यार्थ्यांस बहुतेक सामने निरनिराळ्या गावांच्या वाय.एम.सी.ए. संघांशी खेळावे लागले. एव्हाना प्रत्येक पक्षास पाच गडी असत. चेंडू टोपलीत पडला की दोन गुण, आणि प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेला चेंडू पडला तर एक गुण, असा हिशेब होता. प्रत्येक गोलानंतर चेंडू मध्यभागी आणून दोन गड्यांमध्ये पुन्हा वर उडवावा लागे. ह्यामुळे खेळ सावकाश चाले व गुण थोडे होत.

३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटी येथील वाय.एम.सी.ए. संघाशी पहिला सामना झाला. खेळ काढणाराच ज्यांचा गुरू, त्या मुलांकडून लोकांच्या मोठ्या अपेक्षा असल्या तर नवल नाही. परंतु निकाल लागला तो सोळा विरुद्ध पाच, आणि हरले ते कॅन्ससचे विद्यार्थी. मुले खचली नाहीत. त्या पहिल्या हंगामात त्यांनी अकरा सामने केले, त्यांपैकी सात जिंकले व चार गमाविले.

नेस्मिथ ह्यांनी नऊ हंगाम, १९०७ पर्यंत, हा संघ सांभाळला. ह्या सर्व काळात त्यांचे पंचावन्न सामने जिंकले गेले व साठ गमाविले गेले. त्या विद्यापीठाच्या बास्केट बॉल संघास आजवर जे प्रमुख शिक्षक लाभले, त्यांत जिंकलेल्या सामन्यांहून हरलेले सामने अधिक आहेत असे शिक्षक एकटे नेस्मिथ हेच होत. ज्याने खेळ काढला, त्याच्याच नावापुढे हा आकडा लागावा, हे जगाच्या दृष्टीने चमत्कारिक दिसते.

त्याचे कारण असे की, जिंकणे हे त्यांचे साध्यच नव्हते. पुष्कळ वेळा ते आपल्याच संघाच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहत, आणि आपल्या मुलाची चूक झाली तर ती इतरांच्या चुकीप्रमाणेच देत. खेळ हा मुलांनी आपल्या बुद्धीने खेळावयाचा आहे, शिक्षकाने बाजूस उभे राहून त्यांस बाहुल्यांसारखे नाचवू नये, असे त्यांचे मत होते. त्यांचा एक आवडता विद्यार्थी फॉग ॲलन ह्यास दुसऱ्या एका कॉलेजाने संघाचा शिक्षक म्हणून बोलाविले, तेव्हा हा खेळ शिकविण्याचा नसून खेळण्याचा आहे, असे नेस्मिथ ह्यांनी त्यास थट्टेने सांगितले. ॲलन ह्यांनी गुरूचे म्हणणे मानिले नाही, आणि ते ह्या खेळाचे अत्यंत यशस्वी शिक्षक झाले. १९०७ साली गुरूची जागाही त्यांनाच मिळाली. नेस्मिथ ह्यांस त्याचे वैषम्य वाटले नाही. संघ सोपविल्यावरही ते विद्यापीठात तीस वर्षे शिकवीत राहिले.

पुढील सेवा

१९१६ साली मेक्सिकोच्या सरहद्दीवर कॅन्ससची पलटण गेली, तिच्याबरोबर नेस्मिथ लष्करी पाळक म्हणून गेले. पाळकपदाची दीक्षा त्यांस ह्याच सुमारास, वयाची पन्नाशी उलटल्यावर मिळाली. पहिल्या महायुद्धात त्यांनी वाय.एम.सी.ए. च्या वतीने फ्रान्समध्ये शिपायांची सेवा केली. घरापासून दूर पडलेल्या तरुणांस दुराचार व त्यापासून होणारे रोग ह्यांविषयी सावध करणे, हे त्यांचे मुख्य काम होते.

१९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅन्सस येथे आला. त्याच्या बापाने त्यास नेस्मिथ ह्यांनाच आपले मार्गदर्शक करण्यास सांगितले होते. त्या काळी कृष्णवर्णीय मुलांस विद्यापीठाच्या संघात खेळू देत नसत, आणि पोहण्याच्या तलावातही उतरू देत नसत. मॅक्लेंडन तलावात उतरला, तर त्याच्यामागून तलावाचे सर्व पाणी काढून टाकण्यात आले. विहिरी व तळी आपणास बंद असण्याचे दुःख ज्यांच्या वाडवडिलांनी भोगिले, त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. नेस्मिथ मॅक्लेंडनच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेरीस तो तलाव सर्वांस मोकळा झाला. त्यांनी त्यास शिकविले, त्याच्या कामाची सोय लावून दिली, आणि १९३६ साली तो पदवीधर झाला. पुढे मॅक्लेंडन ह्यांच्या संघाने १९५७ पासून लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, आणि अमेरिकेतील थोर शिक्षकांत त्यांची गणना झाली. साठ पराभवांच्या हिशेबात ही जमा कोठे मांडावयाची?

आपल्या खेळापासून नेस्मिथ ह्यांनी धन मिळविले नाही. तंबाखूच्या जाहिरातीस नाव देण्यास त्यांनी नकार दिला. उतारवयात कर्जापायी त्यांचे राहते घरही गेले. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केट बॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा तेथवर जाण्याचा खर्च त्यांस झेपण्यासारखा नव्हता. ॲलन ह्यांनी पुढाकार घेऊन खेळाडू व प्रेक्षक ह्यांजकडून लहान लहान वर्गण्या गोळा केल्या व गुरूंस पाठविले. पहिल्या सामन्यात चेंडू उडविण्याचा मान त्यांस मिळाला. एकवीस राष्ट्रांचे संघ तेथे खेळले. फळांच्या दोन टोपल्यांपासून निघालेले काम एवढे वाढलेले त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. १९३७ साली ते निवृत्त झाले, आणि २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, प्रभूमध्ये निजले. ज्या तेरा नियमांपासून त्यांनी एक पैसा घेतला नाही, त्यांचा मूळ कागद २०१० साली लिलावात त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला, आणि आता तो कॅन्सस विद्यापीठात ठेविलेला आहे.

आपल्या देशातही ह्या कामाचा धागा पोहोचला आहे. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० साली मद्रास येथे वाय.एम.सी.ए. ची व्यायामशिक्षणाची संस्था स्थापिली, आणि तिच्यात तयार झालेले शिक्षक देशभर पसरले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली नागपाड्यास नेबरहुड हाऊस उघडिले. तो गरिबांचा मोहल्ला बास्केट बॉलच्या खेळाडूंकरिता पुढे सर्व देशात प्रसिद्ध झाला.

प्रिय उपदेशक बंधूंनो, गावात शाळा चालविताना, मुलांस गाणी शिकविताना, अगर संध्याकाळी त्यांच्याबरोबर हुतुतू खेळताना, हे काही खरे मिशनचे काम नव्हे, असे तुमच्या मनात येत असेल, तर त्या फुटबॉलच्या गड्याची आठवण करा. आपणास कोणी पाहत नाही असे वाटते तेव्हाच आपले वागणे कोणाच्या तरी अंतःकरणात उतरत असते. आणि वर्षाच्या अखेरीस बाप्तिस्म्यांचा आकडा लहान भरला म्हणून खिन्न होऊ नका. नेस्मिथ ह्यांच्या वहीत साठ पराभव होते, परंतु फॉग ॲलन व जॉन मॅक्लेंडन हेही होते. पेरणाऱ्याने विश्वासूपणे पेरीत जावे, पीक मोजण्याचे काम धन्याचे आहे.